अनिश्चिततेचे तत्त्व: स्थान आणि संवेग एकाच वेळी नेमके का असू शकत नाहीत?

संयुक्त राष्ट्रांनी २०२५ हे क्वांटम विज्ञान आणि तंत्रज्ञानाचे आंतरराष्ट्रीय वर्ष म्हणून जाहीर केले आणि क्वांटम संगणक, क्वांटम सेन्सर यांच्या बातम्या सर्वसाधारण वाचकापर्यंत पोहोचू लागल्या. या बातम्यांच्या मुळाशी असलेल्या मोजक्या कल्पनांपैकी जिचे नाव बहुतेकांनी ऐकलेले असते आणि जिच्याविषयी गैरसमजही बरेच असतात, ती म्हणजे व्हेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये मांडलेले अनिश्चिततेचे तत्त्व. हे तत्त्व साधारणपणे दोन प्रकारे सांगितले जाते. ‘जगात काहीच निश्चित नसते, हे आता विज्ञानानेही मान्य केले आहे’ हा एक प्रकार. ‘सूक्ष्म कण मोजायला गेले की मोजण्याच्या धक्क्यानेच तो हलतो, म्हणून नेमके मोजमाप होत नाही’ हा दुसरा. पहिले विधान चुकीचे आहे. दुसऱ्यात तथ्याचा अंश आहे, पण तत्त्वाचा गाभा त्यात येत नाही, आणि म्हणूनच ते ऐकलेल्या वाचकाच्या मनात ‘उद्या अधिक नाजूक उपकरण निघाले तर?’ ही शंका शिल्लक राहते. ही मर्यादा उपकरणांची नाही. ती द्रव्याच्या तरंगरूपातून येते, आणि ते कसे हे समजून घेण्यासाठी अवघड गणिताची गरज पडत नाही.

तत्त्व नेमके काय सांगते

आधी एक संज्ञा स्पष्ट करून घेऊ. एखाद्या वस्तूचे वस्तुमान आणि तिचा वेग यांच्या गुणाकाराला संवेग म्हणतात. वेगाला दिशा असते, म्हणून संवेगालाही असते. कणाचे स्थान आणि त्याच दिशेतील त्याचा संवेग ही जोडी अशी आहे की त्यांपैकी एक राशी जितकी नेमकी, तितकी दुसरी विस्कळीत, असे हे तत्त्व सांगते.

‘विस्कळीत’ म्हणजे काय, हेही मोघम ठेवून चालणार नाही. समजा, एका यंत्रातून आपण हजारो इलेक्ट्रॉन अगदी एकाच पद्धतीने तयार करून सोडतो. त्यांतल्या निम्म्यांचे आपण फक्त स्थान मोजतो आणि उरलेल्या निम्म्यांचा फक्त संवेग. सर्व इलेक्ट्रॉन एकाच साच्यातले असूनही स्थानाची उत्तरे तंतोतंत एकसारखी येत नाहीत, ती एका पट्ट्यात पसरलेली असतात. संवेगाच्या उत्तरांचेही तसेच. या दोन पसाऱ्यांचा गुणाकार एका ठरावीक किमतीच्या खाली कधीही जाऊ शकत नाही, हे अर्ल केनार्ड यांनी १९२७ मध्येच गणिताने सिद्ध केले, आणि तत्त्वाचे आजचे काटेकोर रूप हेच आहे. ती किमान किंमत प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे क्वांटम भौतिकीतील एका मूलभूत, न बदलणाऱ्या संख्येवरून ठरते आणि मीटर, किलोग्रॅम, सेकंद या एककांत ती इतकी लहान आहे की दशांश चिन्हानंतर ३४ शून्ये लिहिल्यावर पहिला अंक, ५, येतो.

या मांडणीत कोणत्याही एका इलेक्ट्रॉनचे स्थान आणि संवेग असे दोन्ही मोजलेले नाहीत, याकडे मुद्दाम लक्ष वेधावेसे वाटते. प्रत्येक इलेक्ट्रॉनवर एकच मापन झाले आहे, तरीही पसारा उरतोच. म्हणजे पहिल्या मापनाने दुसरे मापन बिघडवले, असे म्हणायला येथे वावच नाही.

मर्यादा येते कोठून?

याचे उत्तर लहरींच्या स्वभावात आहे, आणि तो स्वभाव ध्वनीच्या उदाहरणाने सहज कळतो. एखाद्या वाद्यावर एकच स्वर लांबवला की कानाला त्याची उंची अचूक कळते. टाळी वाजवली तर ती केव्हा वाजली हे अचूक कळते, पण ती कोणत्या स्वरात वाजली, हा प्रश्नच निरर्थक ठरतो. आता थोडा हिशोब करून पाहू. एक स्वर सेकंदाला ४४० कंपने करतो आणि दुसरा ४५०. दोन्ही पूर्ण एक सेकंद वाजले तर पहिल्यात ४४० आवर्तने होतील आणि दुसऱ्यात ४५०; दहा आवर्तनांचा हा फरक सहज मोजता येईल. तेच स्वर सेकंदाचा केवळ शंभरावा भाग वाजले, तर एकात ४.४ आवर्तने होतील आणि दुसऱ्यात ४.५. एवढ्या छोट्या तुकड्यावरून तो कोणता स्वर होता हे सांगता येत नाही, आणि याला कान किंवा मायक्रोफोन जबाबदार नाही. तेवढ्या तुकड्यात एकच एक कंप्रता, म्हणजे सेकंदाला होणाऱ्या कंपनांची संख्या, सामावलेलीच नसते. गणिताच्या भाषेत सांगायचे तर क्षणभराचा ध्वनी हा कितीतरी वेगवेगळ्या कंप्रतांच्या लहरी एकत्र येऊनच घडतो. ध्वनी जितका तोकडा, तितका त्या कंप्रतांचा पट्टा रुंद.

अवकाशात पसरलेल्या लहरीलाही हाच नियम लागू पडतो. लांबवर एकसारखी पसरलेली लहर असेल तर तिची तरंगलांबी, म्हणजे दोन लगतच्या शिखरांमधील अंतर, नेमकी सांगता येते, पण ती लहर ‘कोठे’ आहे हे सांगता येत नाही. लहर एका छोट्या जागेत गोळा करायची असेल तर अनेक तरंगलांबींच्या लहरी एकमेकींत मिसळाव्या लागतात, आणि मग तिला एकच एक तरंगलांबी उरत नाही. येथपर्यंत क्वांटम भौतिकीचा संबंधही आलेला नाही; हे पाण्यावरच्या लाटांनाही लागू आहे.

क्वांटम भौतिकी येते ती पुढच्या पायरीवर. लुई द ब्रॉयली यांनी १९२४ मध्ये असे सुचवले की इलेक्ट्रॉनसारख्या कणांचीही लहर असते आणि त्या लहरीची तरंगलांबी कणाच्या संवेगावर ठरते: संवेग जितका जास्त, तितकी तरंगलांबी कमी. क्लिंटन डेव्हिसन आणि लेस्टर जर्मर यांनी १९२७ मध्ये निकेलच्या स्फटिकावर इलेक्ट्रॉनांचा झोत सोडला, तेव्हा परतणारे इलेक्ट्रॉन काही ठरावीक दिशांनाच अधिक संख्येने आढळले. स्फटिकावर क्ष-किरणांच्या लहरी पडल्या की असेच घडते. या दोन गोष्टी जोडल्या की तत्त्व आपोआप हाती येते. इलेक्ट्रॉनला छोट्या जागेत आणणे म्हणजे त्याची लहर छोट्या जागेत गोळा करणे. तसे केले की अनेक तरंगलांबी मिसळणार. आणि तरंगलांबी म्हणजेच संवेग असल्यामुळे संवेगही पसरणार.

डोळ्यांना दिसणारा पुरावा

हे प्रत्यक्ष पाहण्यासाठी प्रयोगशाळाही लागत नाही. ६५० नॅनोमीटर तरंगलांबीचा, म्हणजे साधा लाल लेसर घेऊन त्याचा झोत एक दशांश मिलिमीटर रुंदीच्या फटीतून जाऊ दिला, तर २ मीटर अंतरावरच्या पडद्यावर मधला प्रकाशमान पट्टा सुमारे २६ मिलिमीटर रुंद दिसतो. फट निम्मी केली, तर पट्टाही निम्मा व्हावा अशी आपली सहज अपेक्षा असते. प्रत्यक्षात तो दुप्पट, म्हणजे सुमारे ५२ मिलिमीटर होतो.

फटीने प्रकाशकणाचे आडव्या दिशेतील स्थान आवळले. त्याची भरपाई म्हणून आडव्या दिशेतील संवेग पसरला आणि कण बाजूला फाकले. प्रकाश इतका मंद केला की एका वेळी एकच प्रकाशकण फटीतून जाईल, तरी एकेका ठिपक्याने पडद्यावर शेवटी तोच रुंद पट्टा उमटतो. तेव्हा हा कणांच्या आपसातील धक्काबुक्कीचा परिणामही नव्हे. व्हिएन्नामध्ये अँटोन झाइलिंगर यांच्या गटाने २००२ मध्ये फुलरीनच्या रेणूंवर, म्हणजे कार्बनच्या साठाहून अधिक अणूंनी बनलेल्या पोकळ गोळ्यांवर, असाच प्रयोग केला. फट अरुंद केल्यावर रेणूंचा झोत तत्त्वाला अनुसरूनच पसरला.

मग ‘मोजताना धक्का लागतो’ हे कोठून आले?

ते खुद्द हायझेनबर्ग यांच्याकडूनच आले. कोपनहेगनमध्ये नील्स बोर यांच्या संस्थेत असताना लिहिलेल्या १९२७ च्या निबंधात त्यांनी एका काल्पनिक सूक्ष्मदर्शकाचे वर्णन केले. इलेक्ट्रॉन कोठे आहे ते पाहायचे तर त्याच्यावर प्रकाश टाकावा लागेल. स्थान नेमके दिसायचे तर अतिशय लहान तरंगलांबीचे गॅमा किरण वापरावे लागतील. आणि असा किरण इलेक्ट्रॉनला जोराचा धक्का देईल. बोर यांनी या युक्तिवादातील उणीव दाखवली. केवळ धक्का लागणे पुरेसे नाही, कारण धक्का नेमका किती लागला हे कळले तर तो हिशोबातून वजा करता येईल. भिंगात प्रकाश एका रुंद कोनातून शिरत असल्यामुळे धक्क्याचा आकडाच निश्चित राहत नाही, हा खरा मुद्दा आहे. हायझेनबर्ग यांनी निबंधाच्या मुद्रितात तशी पुरवणी जोडली.

चित्र मात्र लोकांच्या मनात राहिले ते धक्क्याचेच, कारण ते कल्पनेला सोपे आहे. मापनाने कणाच्या स्थितीत बदल होतो ही गोष्ट खोटी नाही, पण तो वेगळा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर बरेच गुंतागुंतीचे आहे. मासानाओ ओझावा यांनी २००३ मध्ये दाखवले की मापनातील चूक आणि मापनामुळे होणारी ढवळाढवळ यांचा गुणाकार, त्यांची एक विशिष्ट व्याख्या घेतली तर, हायझेनबर्ग यांच्या मर्यादेच्या खालीही जाऊ शकतो. २०१२ मध्ये व्हिएन्ना येथे न्यूट्रॉनांवर आणि टोरांटो येथे प्रकाशकणांवर केलेल्या प्रयोगांनी त्याला दुजोरा दिला. ‘हायझेनबर्ग चुकले’ अशा मथळ्यांच्या बातम्या त्या वेळी आल्या, परंतु केनार्ड यांनी सिद्ध केलेल्या, पसाऱ्यांविषयीच्या मूळ तत्त्वाला त्या प्रयोगांनी जराही धक्का लागला नाही.

‘आपल्याला कळत नसेल, पण इलेक्ट्रॉन कोठेतरी असणारच ना?’

ही शंका अगदी रास्त आहे, आणि ती आइनस्टाइन यांनाही होती. बोरिस पोडोल्स्की आणि नेथन रोझेन यांच्यासह १९३५ मध्ये लिहिलेल्या निबंधात त्यांनी असा युक्तिवाद केला की कणाचे स्थान आणि संवेग दोन्ही प्रत्यक्षात ठरलेले असले पाहिजेत आणि क्वांटम भौतिकीला ते सांगता येत नसतील, तर तो सिद्धान्त अपुरा आहे. जवळजवळ तीस वर्षे हा वाद तत्त्वचिंतनाच्या पातळीवर राहिला. जॉन बेल यांनी १९६४ मध्ये त्याला प्रयोगाच्या कक्षेत आणले. कणांचे गुणधर्म आधीपासून ठरलेले असतील आणि दूरच्या घटनेचा येथल्या कणावर तत्काळ परिणाम होत नसेल, तर परस्परांशी गुंतलेल्या कणांच्या जोड्यांवरील मापनांत किती मेळ असू शकतो, याला एक कमाल मर्यादा असते, हे त्यांनी दाखवून दिले. क्वांटम भौतिकीचे भाकीत त्या मर्यादेच्या पलीकडचे आहे.

प्रयोगांत मर्यादा ओलांडली गेली. जॉन क्लाउझर, आलँ आस्पे आणि झाइलिंगर यांना या कामासाठी २०२२ चे नोबेल पारितोषिक मिळाले. प्रामाणिकपणे सांगायचे तर, यामुळे ‘आधीपासून ठरलेले स्थान’ ही कल्पना अगदी सर्व रूपांत बाद झालेली नाही. डेव्हिड बोम यांच्या मांडणीत कणाला प्रत्येक क्षणी ठरावीक स्थान असते; परंतु त्यासाठी दूरवरच्या कणांचा एकमेकांवर तत्काळ परिणाम होतो हे मान्य करावे लागते, आणि त्या मांडणीतही प्रयोगात दिसणारा पसारा तेवढाच्या तेवढाच उरतो. आइनस्टाइन यांना हवे असलेले साधे, घरगुती वास्तव मात्र परत आणता येत नाही.

रोजच्या वस्तूंत हे का दिसत नाही?

१६० ग्रॅमचा एक चेंडू घेऊ. त्याचे स्थान आपण मिलिमीटरच्या हजाराव्या भागापर्यंत नेमके ठरवले आहे, असे धरू. तत्त्वानुसार त्याच्या वेगात जी किमान अनिश्चितता उरेल, ती मीटर प्रतिसेकंद या एककात लिहिताना दशांश चिन्हानंतर २७ शून्ये द्यावी लागतील आणि मग ३ येईल. एवढ्या वेगाने तो चेंडू विश्वाच्या आजवरच्या सुमारे १३८० कोटी वर्षांच्या आयुष्यात साधारण एका अणूच्या व्यासाएवढा सरकला असता.

आता तोच हिशोब इलेक्ट्रॉनसाठी. त्याचे स्थान अणूच्या आकाराएवढ्या, म्हणजे नॅनोमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या जागेत बांधले, तर वेगातील अनिश्चितता किमान ५८० किलोमीटर प्रतिसेकंद होते. नियम दोन्हीकडे तोच आहे. फरक फक्त वस्तुमानाचा आणि जागेचा आहे. त्यामुळे माणसांच्या निर्णयांना, बाजाराला किंवा नातेसंबंधांना हे तत्त्व लावण्यात काहीच अर्थ नाही. ते स्थान आणि संवेग यांसारख्या विशिष्ट जोड्यांविषयीचे, आकड्यांनी बांधलेले विधान आहे. इलेक्ट्रॉनचा विद्युतभार आणि त्याचे वस्तुमान यांच्यावर ते अशी कोणतीही मर्यादा घालत नाही, आणि या दोन राशी तर अत्यंत अचूकतेने मोजल्या गेल्या आहेत.

अणू कोसळत नाहीत, ते याच्यामुळे

या तत्त्वाकडे केवळ अडथळा म्हणून पाहिले जाते, याची मला खंत वाटते, कारण त्याच्यावाचून द्रव्य टिकलेच नसते. जुन्या भौतिकीनुसार केंद्रकाभोवती फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनने सतत प्रकाश बाहेर टाकत, ऊर्जा गमावत, सेकंदाच्या एका अब्जांश भागापेक्षाही कमी वेळात केंद्रकावर जाऊन आदळायला हवे होते.

तो आदळत नाही, कारण केंद्रकाजवळ जाणे म्हणजे छोट्या जागेत कोंडले जाणे. जागा निम्मी झाली की संवेगाचा पसारा दुप्पट होतो, आणि गतिमुळे असलेली ऊर्जा संवेगाच्या वर्गाच्या प्रमाणात असल्यामुळे ती चौपट होते. त्याच वेळी केंद्रकाच्या ओढीमुळे होणारा ऊर्जेचा फायदा मात्र दुप्पटच होतो. अंतर बरेच कमी झाले की हा व्यवहार तोट्याचा ठरतो. फायदा आणि तोटा यांचा समतोल जेथे साधतो ते अंतर हायड्रोजनसाठी काढले, तर ०.०५३ नॅनोमीटर येते, आणि हायड्रोजनच्या अणूची त्रिज्या तेवढीच आहे. अणूचा आकार कोणी बाहेरून ठरवून दिलेला नाही. तो या दोन ओढींच्या हिशोबातून आपोआप निघतो, आणि मला स्वतःला साऱ्या क्वांटम भौतिकीतील हा सर्वांत सुंदर हिशोब वाटतो. घन पदार्थ दाबले तरी एकमेकांत मिसळून जात नाहीत यामागेही हेच कारण आहे. तेथे दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत या वोल्फगांग पाउली यांच्या नियमाची जोड त्याला मिळते.

याचाच एक परिणाम म्हणजे कोणत्याही बांधलेल्या कणाला पूर्ण स्वस्थ बसवता येत नाही. तसे झाले तर त्याचे स्थान आणि संवेग दोन्ही नेमके ठरतील. बहुतेक पदार्थांत ही किमान हालचाल नगण्य असते, पण हेलियमचे अणू हलके असतात आणि त्यांच्यातील परस्पर ओढ क्षीण असते. त्यामुळे साध्या वातावरणीय दाबाखाली हेलियम निरपेक्ष शून्य तापमानाजवळ नेला तरी द्रवच राहतो. त्याला गोठवायचे असेल तर वातावरणाच्या सुमारे २५ पट दाब द्यावा लागतो.

ऊर्जा आणि काळ यांची जोडी

ऊर्जा आणि काळ यांच्यासाठीही असाच एक संबंध सांगितला जातो, पण त्याचा अर्थ थोडा वेगळा आहे, कारण काळ हा कणाचा गुणधर्म नाही. एखादी अवस्था जितकी अल्पायुषी, तितकी तिची ऊर्जा कमी नेमकी, असा तो संबंध समजावा. ‘ऊर्जा क्षणभर उसनी घेता येते’ असे जे लिहिले जाते ते दिशाभूल करणारे आहे. ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम येथे क्षणभरही मोडत नाही.

मर्यादा पाळूनच तिला वळवणे

गुणाकाराला मर्यादा आहे, प्रत्येक राशीला स्वतंत्रपणे नाही, ही गोष्ट आजच्या तंत्रज्ञानात प्रत्यक्ष उपयोगी पडत आहे. गुरुत्वीय लहरी, म्हणजे कृष्णविवरांच्या टकरींसारख्या घटनांतून अवकाशात उठणारे तरंग, शोधणाऱ्या लायगो या वेधशाळेत ४ किलोमीटर लांबीच्या दोन भुजांमधून लेसरचा प्रकाश जातो, आणि भुजांच्या लांबीतील प्रोटॉनच्या व्यासाच्या हजाराव्या भागाहूनही लहान बदल टिपावा लागतो. प्रकाशलहरीच्याही दोन गोष्टी अशाच जोडीने बांधलेल्या असतात: तिची कला, म्हणजे शिखर-दरीच्या आवर्तनात ती कोणत्या टप्प्यावर आहे ते, आणि तिचा जोर. कलेतील अनिश्चिततेमुळे लांबीचे मापन धूसर होते. जोरातील अनिश्चिततेमुळे आरशांवर कमी-अधिक दाब पडतो आणि ते किंचित थरथरतात. ४० किलोग्रॅमचे आरसे क्वांटम चढउतारांमुळे हलतात, हे लायगोच्या संशोधकांनी २०२० मध्ये प्रत्यक्ष मोजून दाखवले.

उपाय असा की एका राशीतील अनिश्चितता आवळायची आणि ती मुद्दाम दुसऱ्या राशीत ढकलायची. अशा ‘पिळलेल्या’ प्रकाशाचा वापर लायगोने २०१९ पासून निरीक्षणांत नियमितपणे सुरू केला. त्यात एक अडचण राहिली: कला आवळली की उच्च कंप्रतेच्या लहरी अधिक स्पष्ट दिसतात, पण जोरातील वाढलेल्या चढउतारांमुळे आरशांची थरथर वाढते आणि कमी कंप्रतेच्या लहरींचे मापन बिघडते. म्हणून २०२३ मध्ये सुरू झालेल्या निरीक्षण सत्रासाठी ३०० मीटर लांबीची एक जास्तीची पोकळी बसवण्यात आली. तिच्यातून गेलेल्या प्रकाशात उच्च कंप्रतांना कला आवळलेली असते आणि कमी कंप्रतांना जोर. दोन्ही ठिकाणी पसाऱ्यांचा गुणाकार मर्यादेच्या वरच राहतो, आणि तरीही वेधशाळा पूर्वीपेक्षा अधिक दूरच्या कृष्णविवरांच्या टकरी टिपू शकते.